पूजेला बसलेली बदकबाई

दसरा जवळ आला हे आमच्या म्हैसूरला सगळ्यात आधी कळतं ते हत्तींमुळं. जंगलातून आणलेले हत्ती मिरवणुकीचा सराव म्हणून सकाळी सकाळी रस्त्यावरून डुलत चालतात, त्यांच्या मागं गाड्यांची ही रांग लागते, आणि दुधाची पिशवी आणायला गेलेला माझ्यासारखा म्हातारा बराच वेळ घरी परतत नाही. मग बाजारात शेवंतीचे ढीग लागतात. राजवाड्याचे दिवे लावून बघतात, तेव्हा आमच्या बोगादीच्या गच्चीवरून पूर्वेकडचं आभाळ पिवळट दिसतं. आणि घरात माळ्यावरून गोंब्यांची पेटी उतरते. गोंबे म्हणजे बाहुल्या. नवरात्रात इथं घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर त्या मांडतात. आम्ही मराठी खरे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून आमचं सगळं असंच मिसळून गेलंय. देवघरात विठोबा, पायऱ्यांवर गोंबे. बोलणं मराठी, आणि भांडण रंगात आलं की कन्नड.

यंदाही पेटी उतरली. जुन्या सुती साड्यांच्या घड्या, त्यांत गुंडाळलेले लाकडी राजा-राणी, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्यांचा तो वास. माझं काम शिडी धरून उभं राहायचं आणि कमलची, म्हणजे माझ्या बायकोची, बोलणी खायची. ‘सुम्ने उभे राहू नका हो, जरा हात लावा,’ असं ती म्हणते, आणि हात लावला की ‘लावू नका, फुटेल’ म्हणते. सुम्ने म्हणजे उगीच. हा एक शब्द काढून टाकला तर आमच्या घरातलं निम्मं बोलणं बंद पडेल.

संध्याकाळी गल्लीतली पोरं आली. ‘गोंबे कूर्सिदीरा?’ म्हणजे बाहुल्या मांडल्यात का, असं विचारत दारोदार फिरायचं, बाहुल्या बघायच्या आणि खाऊ घेऊन पळायचं, हा इथला जुना रिवाज. पोरांचं लक्ष अर्थात खाऊच्या डब्याकडं. एक चिमुरडी मात्र सगळ्यात खालच्या पायरीशी उकिडवी बसली. राजा-राणीकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. भाजीवालीच्या बाहुलीमागं एक मातीचा कुत्रा पडलेला असतो, त्याच्याकडं बघत होती. हा झोपलाय का रागावलाय, असं तिनं मला कन्नडमध्ये विचारलं. मला काय ठाऊक? इतकी वर्षं तो कुत्रा आमच्याकडं आहे, मी त्याच्या तोंडाकडं कधी बघितलंच नव्हतं. आणि मला जुईचा तो दसरा आठवला.

जुई माझी नात. तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. माझा मुलगा श्रीधर आणि सून मुक्ता बेंगळूरला. मुक्ताला कंपनी सहा महिन्यांसाठी परदेशी पाठवणार होती, श्रीधरची नोकरी फिरतीची, आणि पोरीला तेवढे महिने कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न होता. एका बाजूला आम्ही दोघं. दुसऱ्या बाजूला मुक्ताची आई, आमच्या पुण्याच्या विहीणबाई, जन्मभर बालवाडीच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. मुक्ता शहाणी मुलगी. तिनं कुणाला दुखावलं नाही. म्हणाली, दसऱ्याच्या सुट्टीत जुईला तुमच्याकडं ठेवते, रमते का बघू, विजयादशमीला आम्ही येतो आणि मग ठरवू. फोन ठेवल्यावर आम्ही नवराबायको एकमेकांकडं बघत राहिलो. बोगादीचं घर आम्ही मोठ्या हौसेनं मोठं बांधलं होतं, आणि त्या मोठ्या घरात एकमेकांच्या गोळ्यांची आठवण करून देत दिवस काढत होतो. मला ती पोर हवी होती. इतकी हवी होती की तोंडानं बोलायची भीती वाटत होती.

आम्ही खाती वाटून घेतली. खाणंपिणं, वेणीफणी कमलकडं. पुस्तकं माझ्याकडं. कारण मुक्तानं बजावून सांगितलं होतं की जुईला पुस्तकाशिवाय घास उतरत नाही. तुम्ही जन्मभर वाचायचीच नोकरी केलीत, मग आता वाचा, असं कमल म्हणाली. ते खरंच होतं. नजरबादला नोंदणी कचेरीत माझी हयात गेली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. दोन्ही पक्षांना समोर बसवायचं, दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा, पटलं का विचारायचं आणि अंगठा घ्यायचा. पण ते सगळं कन्नडमध्ये. माझी शाळाही कन्नड. मराठी आमच्या तोंडात होती, डोळ्यांत नव्हती. शाळेतल्या हिंदीमुळं आणि वडिलांच्या अभंगांच्या पोथीमुळं ही अक्षरं ओळखीची होती, पण ओळख अशी की रस्त्यात दिसली तर मान हलवावी आणि पुढं व्हावं.

तरी मी उत्साहानं निघालो. चामराजपुरमला, आमच्या जुन्या घराजवळ, एक पुस्तकांचं दुकान होतं. मराठी पुस्तक मागितल्यावर दुकानदारानं बराच विचार केला आणि हिंदी काढून दिलं. अक्षरं तीच की, सार, म्हणाला. मग मी कन्नडकडं वळलो, जुईला कन्नड समजत होतंच. पुस्तकं मी कचेरीच्या सवयीनं तपासली. शिलाई पक्की आहे का, पानं शाबूत आहेत का, मजकूर भरपूर आहे का. ज्या पुस्तकांत पानाला चार शब्द आणि बाकी नुसतं चित्र, ती सगळी मी बाजूला सारली. मला ती सरळ फसवणूक वाटली. मुलीचं वय किती, असं दुकानदारानं विचारलं. चारही पूर्ण नाहीत पण फार हुशार आहे, असं मी सांगितलं. तो हसला. त्या दुकानात येणारे सगळेच आजोबा हेच सांगत असणार.

पहिल्या पुस्तकात आईचं न ऐकणारं वासरू रानात जातं आणि वाघाच्या तावडीत सापडतं. तात्पर्य, वडीलधाऱ्यांचं ऐकावं. जुईनं वाघाचं चित्र बघितलं, वासराचं बघितलं, आणि ताटावरून उठून कमलच्या पदराआड गेली ती दूधभातालाही बाहेर येईना. दुसरं पुस्तक सामान्यज्ञानाचं. ट्रॅक्टरचं चित्र दाखवून मी विचारलं, याला काय म्हणतात? ‘तुम्हाला माहीत नाही?’ ती म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे की. ‘मग कशाला विचारता?’ तिसरं पुस्तक कमलनं देवळाबाहेरून आणलेलं, आमच्या डोंगरावरच्या देवीचं. देवी रेड्याच्या रूपातल्या राक्षसाला मारते. पोरीचा सगळा जीव रेड्यात. त्याला लागलं का, त्याची आई कुठाय, त्यानं काय केलं होतं. कमलनं घाबरून पुस्तक मिटलं आणि देवघराकडं तोंड करून गालांवर चापट्या मारून घेतल्या.

आमच्या लहानपणी असली निवड करायची वेळच आली नाही. वडील शिवणकाम करायचे, आणि त्यांच्या दुकानात कोटांच्या नमुन्यांची एक मोठी पुस्तिका होती. पानोपानी कोट घातलेले गोरे गृहस्थ. कुणी हातात काठी घेतलेला, कुणी एक पाय पायरीवर ठेवलेला, आणि सगळे लांब कुठंतरी बघणारे. मी आणि माझी धाकटी बहीण फळीवर पालथे पडून त्यांच्या गोष्टी रचायचो. हा जावई आहे, लग्नात रुसलाय. हा त्याचा मेहुणा, समजूत काढायला आलाय, पण कोट इतका घट्ट झालाय की बिचाऱ्याला वाकताच येत नाही. कापडाच्या खळीचा वास, मशीनची घरघर, आणि आमचं आपलं चाललेलं. त्या पुस्तिकेत आम्हाला वाचता येईल असा एक शब्द नव्हता, म्हणूनच ते सगळं जमलं. हे इतकं ठाऊक असलेला पोरगा पुढं कचेरीत कुठल्या कपाटात गेला कुणास ठाऊक. चार शब्दांची पुस्तकं बाजूला सारणारा मीच तो.

शेवटी तारलं ते जुईच्या स्वतःच्या पिशवीतल्या पुस्तकानं. विहीणबाईंनी पुण्याहून पाठवलेलं, मराठी. त्यांचा फोनही आला. वाचताना घाई करू नका, तिला चित्रं बघू द्या, प्रश्न विचारू नका, आवाज बदलून वाचा. बाईंचं बोलणं इतकं स्वच्छ की फोन ठेवल्यावर आपण तोंड धुऊन बसायला हवं होतं असं वाटायचं. आणि आवाज बदला म्हणजे काय? माझ्या त्याच आवाजावर म्हैसुरातल्या निम्म्या जमिनी या हातातून त्या हातात गेल्यात.

गोष्ट अशी होती. बदकबाईला पायांत मोजे हवेसे वाटतात. ती मेंढीकडं जाते, मेंढी लोकर देते. मग ती झाडावरच्या कोळ्याकडं जाते, तो आठ पायांनी भराभर मोजे विणून देतो. बदकबाई मोजे घालून ठुमकत घरी येते आणि सवयीनं तळ्यात उडी मारते. मोजे ओले. मग ते दोरीवर वाळत घालून बदकबाई खाली बसून राहते. संपलं. मी शेवटचं पान उलटून मागं आणखी काही आहे का बघितलं. काही नव्हतं. तात्पर्य नाही. मोजे वाळले की नाही, तेवढंही कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं.

पण जुई पुस्तक घेऊन पाटावर बसली, आणि मी वाचायला लागलो. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत. जोडाक्षर आलं की गाडी बंद. शब्द अडला की मी चित्राकडं वळायचो, आणि मग आवाज आपोआप कचेरीचा लागायचा. पूर्वेला तळं, पश्चिमेला कुंपण, उत्तरेला मेंढीचं घर, दक्षिणेला सार्वजनिक रस्ता. कमल स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, बदक विकायला काढलंय का?’ त्यात आमच्या घरात मोज्यांना कालचीलं म्हणतात, तोच कन्नड शब्द तोंडात येई. जुईला सगळं पुस्तक पाठ. ती ओठ आवळून माझ्याकडं बघायची, ‘मोजे’ म्हणायची, आणि मी दुरुस्ती करून पुढं जाईपर्यंत थांबायची. मी पान उलटलं की ती ते परत मागं उलटायची आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बघून आपल्याशीच हसायची. मला वाटायचं, पोर जरा सावकाश समजणारी आहे. पण ती जेवत होती. पानापानाला घास जात होता, आणि दाराआडून कमल मला हातानंच सांगत होती, चालू ठेवा, चालू ठेवा.

सगळं सुरळीत चालू असताना सरस्वतीपूजा आली. या दिवशी घरातली पुस्तकं पूजेला बसतात. बाहुल्यांपुढं चौरंगावर पुस्तकांची चळत, वर रेशमी वस्त्र, हळदकुंकू, फुलं. आणि विजयादशमीला उठवेपर्यंत कुणी एक अक्षर वाचायचं नाही की लिहायचं नाही. शाळेत असताना आम्हाला याच्याइतका लाडका सण दुसरा नव्हता. पूजेला बसायचा पहिला मान आम्ही गणिताच्या पुस्तकाला द्यायचो. कमलनं सकाळपासून घर धुंडाळलं. पोथी, पंचांग, पाककृतींचं पुस्तक, माझी कायद्याची जाडजूड पुस्तकं, आणि नातीला विद्या यावी म्हणून मोठ्या मायेनं जुईचं प्रत्येक पुस्तक. बदकबाई सगळ्यात वर. जुईनं स्वतःच्या बोटानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्यावर शेवंतीचं फूल ठेवलं, आणि आम्ही दोघं कौतुकानं बघत उभे. धूप दरवळत होता, खिडकीतून दसऱ्याचं ते कोवळं, पिवळं ऊन येत होतं. आता थोड्या वेळानं जेवण आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाट मांडला, ताट आलं, आणि जुईनं हात पुढं केला. पुस्तक.

कमलचा चेहरा पडला. आता पुस्तक उठवता येत नाही, सरस्वती बसलीय त्यावर, असं ती म्हणाली. मी वकिली सुरू केली. पुस्तक कशाला म्हणायचं? ज्यात मजकूर असतो त्याला. यात पानाला चार शब्द, म्हणजे हे पुस्तकच नव्हे, चित्र आहे, आणि चित्रं पूजेला बसवायचा नेम नाही. मग इतके दिवस तुम्ही घाम गाळून काय वाचत होता, असं कमलनं विचारलं. मी वकिली सोडली. मी म्हटलं, बाई, पोर उपाशी राहील, आणि उपाशी राहिलेली पोर पुण्याला जाईल. तेव्हा ती एकदम खाली बसली. ‘आणि पूजा मोडली म्हणून तिच्या विद्येत काही कमी पडलं तर? आपल्या हातानं?’ तिलाही पोर हवी होती, माझ्याइतकीच.

म्हणजे गोष्ट तोंडी सांगणं आलं. त्यात काय मोठं, असं मला वाटलं. लोकांच्या तीन पिढ्यांची खतं मला पाठ होती. पण बदकबाई आधी मेंढीकडं जाते की कोळ्याकडं, इथंच मी अडलो. जुई टक लावून बघत होती. मग जे ठाऊक होतं तिकडं मी बदकबाईला नेलं. बदकबाई नजरबादच्या कचेरीत गेली. मोज्यांसाठी अर्ज दिला. कारकून कॉफीला गेला होता. तो आला आणि म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, दसरा झाल्यावर या. मग साक्षीदार म्हणून मेंढीला आणि कोळ्याला बोलावलं, आणि अंगठ्याऐवजी बदकबाईचा पंजा घेतला. मला स्वतःला गोष्ट बरी जमल्यासारखी वाटली. जुईचा खालचा ओठ मात्र पुढं आला. असं नाहीये, असं ती म्हणाली. आणि मग हळूच विचारलं, गोगलगाय कुठंय? कुठली गोगलगाय, मी म्हटलं, त्यात गोगलगाय नाहीच. झालं. पोरीनं जे भोकाड पसरलं ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. गोगलगाय, गोगलगाय. ताट तसंच राहिलं.

मग कमलनं गोष्ट हातात घेतली. तिची बदकबाई कुणाच्या घरून उपाशी पाठवली जायची नाही. मेंढीकडं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, कोळ्याकडं होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि वर तूप. मोजे विणून होईपर्यंत बदकबाईचं पोट इतकं वर आलं की तिला स्वतःचे पायच दिसेनात. त्या नादात जुईच्या पोटात चार घास गेले, पण प्रत्येक घराशी ती विचारायचीच, आणि गोगलगाय? कमल बिचारी म्हणायची, येईल हं, मागून येईल. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. वाचन छान चाललंय, असं मी ठोकून देतो न देतो तोच जुईनं फोन घेतला आणि बदकबाईला दसऱ्यानंतर यायला सांगितलंय ही बातमी पुण्याला पोचवली. फोन परत माझ्या हाती आला. ‘कल्पक आहात हो तुम्ही,’ बाई म्हणाल्या. कच्च्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बाई असाच शेरा मारत असतील.

आयुधपूजेला माझी स्कूटर धुऊन पुसून उभी राहिली. हँडलला केळीची पानं, समोर हार, चाकाखाली लिंबू. रस्त्यावर जिकडंतिकडं फोडलेले कोहळे आणि कुंकवाचे लाल शिंतोडे. पूजा झाल्याबरोबर गल्लीला एक फेरी मारायची पद्धत आहे. फेरी मारून आलो आणि मला आशा वाटली. कमलला म्हटलं, हे बघ, स्कूटरची पूजा झाली आणि लगेच मी तिच्यावर बसून हिंडलो, मग बदकबाईनं काय पाप केलंय? कमलनं नारळ फोडता फोडता मान वर केली नाही. ‘स्कूटरला कुठं शाळेत जायचंय,’ म्हणाली. तोही खटला हरलो. जुई पायरीवर बसून त्या रेशमी वस्त्राच्या टोकाकडं बघत होती. पोर हट्टी नव्हती हो. पूजेला हात लावू नको म्हटल्यावर तिनं हात लावला नाही. नुसती बघत बसायची, आणि तेच मला बघवत नव्हतं.

विजयादशमीच्या सकाळी पूजा उठली. अंघोळ करून मी आधी बदकबाई काढली आणि गोगलगाय शोधायला लागलो. आणि सापडली. पहिल्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, कुंपणापाशी. दुसऱ्या पानावर दगडावर. मेंढीच्या घरापाशी ती फूल खात थांबलीय. कोळ्याच्या झाडाखाली दमून झोपलीय. शेवटच्या पानावर ती दोरीवर चढून त्या ओल्या मोज्यांपाशी पोचलीय. बदकबाई निघाली त्याच वेळी तीही निघालेली, पानापानावर तिचा आपला प्रवास चाललेला, आणि मजकुरात तिचं नावही नाही. मी इतके दिवस बोट ठेवून वाचत होतो ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी ती पोर माझ्या शेजारी बसून वाचत होती, आणि मी तिचं पान उलटत होतो. मला लाज वाटली आणि हसूही आलं.

आता मी दुकानात गेलो की पुस्तकाचं वजन बघत नाही. पान उघडतो आणि आधी कोपऱ्यात बघतो. तिथं कुणी राहत असेल तर पुस्तक घेतो. शेजारपाजारचे लोक नातवंडांसाठी काय घ्यावं असं मला विचारतात, तेव्हा हेच सांगतो, आणि ते सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन घरी जातात. तात्पर्याचं म्हणाल तर ते मोठ्यांना लागतं. आपण पाव्हण्याकडं गेलो तरी कशासाठी आलात हे आधी सांगावं लागतं. पोरं मोजे वाळेपर्यंत दोरीखाली नुसती बसू शकतात. पण हे शहाणपण आजचं. त्या दिवशी माझी परीक्षा अजून व्हायची होती.

श्रीधर आणि मुक्ता आले. पुस्तकं उठवली की प्रत्येकानं थोडं तरी वाचायचं, हा नेमाचाच भाग. श्रीधरनं पंचांगातलं वाचलं, कमलनं पोथीतलं. मला जुईनं बदकबाई आणून दिली आणि मांडीवर येऊन बसली. मुक्ता समोरच होती. काय सांगू, हायकोर्टात उभं राहिल्यासारखं वाटलं. एरवी अडखळत का होईना वाचायचो, त्या दिवशी पहिल्याच ओळीत दातखीळ. मोज्यांच्या जागी पुन्हा कालचीलं. लोकरीपाशी घसरलो. ‘ठुमकत’ तीनदा वाचलं. जुई प्रत्येक ठिकाणी शांतपणे दुरुस्ती करत होती, आणि प्रत्येक दुरुस्तीला मला पुण्याची गाडी जवळ येताना दिसत होती. तेवढी गोगलगाय मी न चुकता दाखवली. जुईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

दुपारी टीव्हीवर जंबोसवारी चालली होती. सोन्याची अंबारी घेऊन हत्ती संथ चाललेला, बाहेरून तोफांचे आवाज, आणि आमच्या घरात कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. मुक्तानं अगदी हळू विषय काढला. ‘बाबा, तुम्ही दोघांनी तिचं खूप केलंत,’ ती म्हणाली, ‘पण आईला या वयाच्या मुलांची सवय आहे. वाचणं, शिकवणं, तिचं ते सगळं रीतसर असतं. जुईला पुण्यालाच ठेवावं असं वाटतंय.’ मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच होतं, आणि म्हणून जास्त लागलं. चूक असतं तर भांडता तरी आलं असतं. कमल उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

श्रीधरनं जुईला जवळ घेतलं आणि सांगितलं की आई परत येईपर्यंत तिनं पुण्याच्या आजीकडं राहायचं, तिथं खूप खूप पुस्तकं आहेत. जुईनं सगळं नीट ऐकून घेतलं. जरा विचार केला.

‘पुण्याच्या आजीला सगळं वाचता येतं,’ ती म्हणाली. ‘आजोबांना कुठं येतं? आत्ता कुठं त्यांना गोगलगाय दिसायला लागलीय. मी गेल्यावर त्यांना कोण शिकवणार?’

आतला भांड्यांचा आवाज थांबला. कमल ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मुक्तानं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ती फोन घेऊन आईशी बोलायला गच्चीवर गेली. जुईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पहिलं पान काढलं.

‘म्हणा,’ ती म्हणाली.

मी चष्मा पुसला. डोळे पुसायचे होते, पण माझ्या या नव्या बाईंसमोर ते बरं दिसलं नसतं. आणि म्हणायला लागलो.